बर्फाखाली उणे दोन

—नाही नाही, काका, बसा ना, बोर्डिंगला अजून वीस मिनिटं आहेत, मी काउंटरवर विचारलंय. मी प्रफुल्ल, नागपूरचा, आता इथे रेडमंडला प्रोग्रॅमर — तुमच्या कंपनीचा फॅक्स आमच्या ऑफिसात येतो ना, त्यात तुमचं नाव होतं, गुरुदत्त, शुगर लँडहून — म्हटलं मराठी माणूस आहे, सिअ‍ॅटलला विमान बदलणार, गेटवरच गाठू. छोटंसं काम आहे. परवा अलास्कात तेल शोधायला तुमचे ट्रक बर्फावरून जो रस्ता करणार ना, तो दोन मैल पूर्वेला घ्या. बस. कागदावर काही नको, म्हणायचं बर्फ बरोबर नाही — तुम्ही साहेब, तुम्हाला कोण विचारतंय?

का म्हणजे — तिथे अस्वलीण आहे. पांढरी. बर्फाखाली, बिळात. जानेवारी आहे, म्हणजे पिल्लं झाली असणार, घुशीएवढी असतात हो, डोळेसुद्धा उघडलेले नसतात. वर ट्रक धडधडले की ती घाबरून पिल्लं टाकून जाईल, आणि बाहेर उणे तीस. हो, आमच्या ऑफिसने दिलेली बिळांची यादी बघूनच तुम्ही रस्ता आखलात, मान्य, यादीत बीळ नाहीच. तिथे लिहिलंय, पट्टा गळून पडला. अस्वलिणींच्या गळ्यात रेडिओचा पट्टा असतो — नरांना घालत नाहीत, त्यांची मान डोक्यापेक्षा जाड, सरळ निघून येतो — तो उपग्रहामार्फत कळवतो, कुठे आहे, हलतेय का, तापमान किती. हिचा नोव्हेंबरात हलायचा थांबला. मग आमच्याकडच्या एकाने, नवीन आहे तो, ठरवून टाकलं — हलत नाही म्हणजे पडला.

तापमान? येत होतं ना! बाहेर उणे तीस, आणि पट्टा म्हणतो उणे दोन. मला वाटलं सेन्सर बिघडला — म्हणजे त्याला वाटलं, त्या — जाऊ द्या. मलाच. मलाच वाटलं. मी नागपूरचा माणूस हो, मला काय माहीत बर्फाच्या पोटात ऊब असते? बर्फ म्हणजे थंड, आत शिरलं की आणखी थंड — रसवंतीवरच्या लादीपलीकडे बर्फ पाहिला होता कुठे मी! तो सगळा कॉलम यादीतून डिलीट केला. स्वतःच्या हाताने.

बीळच आहे हे कधी कळलं? बारा दिवस झाले. हो, बारा. हळू बोला ना, लोक बघतायत. माझ्या ग्रीन कार्डची फाइल आमच्या साहेबाच्या टेबलावर आहे, सहीला. नोकरी गेली की व्हिसा गेला, रोशनी — माझी बायको — माझ्याच व्हिसावर, तिची डिग्री अर्धी. आणि पट्टा अजून कळवतोच आहे, रोज सकाळी स्क्रीनवर तेच, उणे दोन, उणे एक, उणे दोन — जिवंत आहे ती, काका, आणि मी कॉफी घेतो, मीटिंगला बसतो. लाज वाटते मला माझी. म्हणून हात जोडतो —

यादीत आल्याशिवाय नाही? आमच्याकडून लेखीच पाहिजे? चूक कुणाची, तेसुद्धा? अहो, दोन मैल! दोन मैलांत काय जातं तुमचं? — बरं. सॉरी. सॉरी, काका.

बोर्डिंग लावलं वाटतं त्यांनी. थांबा, एक कोरा कागद द्या. पेन. — हे अक्षांश, हे रेखांश. अक्षर लागतंय ना? आणि खाली — हो, माझंच नाव, दुसऱ्या कुणाचं लिहू? उतरल्या उतरल्या आमच्या साहेबाला फॅक्स करा. मी नाही करणार, मी ओळखतो मला. वाचू नका आत्ता. घडी घाला. जा. जा ना काका, मी परत मागायच्या आत जा.