पायलच्या मशीनला घावलेलं माझं डोकं

अन् वरून मलाच म्हणती, "बाबा, तुम्ही बाहेर बसा!" आता सांगा, मंठ्याहून पुण्यापावतर एसटीत कंबर मोडून गेलेल्या बापाला असं म्हणावं का? पण तुमाला सांगतो, रागवावं तरी कुणावर... पोरगी कुणाची? माझी!

आमची पायल पुण्यात पीएचडी करून राह्यली. कशात? मंठ्यात कुणालाच सांगता येत न्हाई, मला येतं! आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमच्या फटीत भरायचं सिलिकॉन असतंय ना, त्याच्याच खानदानातले रेणू. सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन, असे हाताला हात धरून गोल रिंगण करून उभे! पोरगी त्यांची वाफ करती, वाफेवर विजेचा भार चढवती, अन् रिंगण कुठं तुटलं, कोण कुणाला चिकटलं, ते मशीन वजन करून सांगती. हवेतल्या हवेत, बरं का! सोयरे इचारतेत, "मंग लग्न कव्हा?" अरे, तुमच्या घरात कुणी वाफ तोलली का कधी? पोरगी कुणाची!

तर तिला मशीन मिळाली एकच दिवस, अन् त्याच दिवसाच्या आकड्यांवर सारी पीएचडी अडकलेली. मी म्हणलो, बापानं बघायला नको? आमची मंडळी, गिरिजाबाई, म्हणली, "पोरीच्या सरांपुढं जायचंय, जरा माणसात दिसा." मंग बबलूच्या सलूनात गेल्तो. त्यो म्हणतो, "काका, पुण्याला चालले न्हवं? सीरम लावतो, बाल बिलकुल चमकले पाहिजेत!" अन् ओतलं की हो अर्धी बाटली!

तिथं गेलो, मशीनच्या तोंडापाशी वाकून वाकून पाह्यलं. पायलनं चालू केली... अन् कॉम्प्युटरवर एक रेघ उठली, थेट वरपावतर! मी टाळ्या वाजवल्या. पोरगी पांढरीफटक. "बाबा, हे माझ्या नमुन्यातलं नाही. पाच सिलिकॉनचं रिंगण आहे हे... तुम्ही डोक्याला काय लावलंय?"

अर्रर्र! पोरगी ज्याच्यामागं वर्षानुवर्षं पळून राह्यली, तेच बबलूच्या सीरमात निघालं, अन् मी ते केसांत घालून आल्तो! माझ्या चमकण्यापायी तिचा दिवस वाया चालला होता, जीव नुसता पाणी पाणी झाला. तेवढ्यात सर आले. "हे कोण?" मला वाटलं, आता म्हणंल, गावाकडचे कुणीतरी. पर पायल ताठ मानेनं म्हणली, "माझे बाबा, सर. इतके ठळक की मशीनलाही दिसले."

मंग तिनं मला नळाखाली बसवलं, सोताच्या हातानं साबण लावून डोकं खसाखसा घासलं, अन् बाहेर झाडाखाली नेऊन बसवलं. आत सीरमची वाफ घालवायला मशीनीतून कोरडी हवा फिरवत बसली बिचारी. दिवस मावळता मावळता माझी रेघ खाली बसली, अन् तिची उठली! घावले आकडे, बराबर घावले! डोळ्यांत पाणी आलं हो. पोरगी कुणाची?

आता त्या मशीनच्या खोलीच्या दारावर पायलच्या अक्षरात पाटी लागलीय, "डोक्याला काहीही लावून आत येऊ नये." अन् तिथली पोरं म्हणे पाटी वाचून हसत हसत इचारतेत... "बाप कुणाचा?"