सागाला घातलेली मिठी

ज्याच्या छायेत चराचर विसावते, त्या नारायणाला वंदन करून सांगतो, ऐका.

बाजारहत्नूरच्या आमच्या शेताच्या बांधावरचा साग सौभाग्यवतीने लावलेला. खोडाला तिची मिठी पुरेनाशी झाली की तो विकायचा, असे आम्हा दोघांचे ठरलेले. यंदा लाकडाचा व्यापारी येऊन म्हणाला, "काका, आता याची वाढ मंदावली. ठेवून फायदा नाही, तोडून टाका."

ही माझ्याकडे बोट दाखवून उसळली. "वाढ तं यायचीबी थांबली, मंग यायलेबी तोडू काय? लेक सांगते, उभं झाड हवेतला कार्बन पोटात साठवून राह्यलं. थोडा का होईना, दरसाल घेतेच ना?"

आमचे मिठीचे ठरलेले व्यापाऱ्यालाही ठाऊक होते. तो हसला. "बरं काकू, मिठी पुरते काय, तेवढं दाखवा."

तिने खोडाला गाल टेकवून हात पसरले. "पुरते!"

मी खोडामागे जाऊन पाहिले. दोन्ही हातांच्या बोटांत चांगले वीतभर अंतर होते. मी तिचे दोन्ही हात माझ्या हातांत धरले.

"पुरते," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी या."

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी, जिथे हात अपुरे पडतील तिथे, नारायण दुसरे हात पुरवो.