शिल्लक बैल

आरमोरीच्या बसथांब्यावर माझ्या मागच्या बाकावर दोघं बसले होते. लटारूभाऊंच्या मांडीवर वनखात्याच्या कागदांची पिशवी होती. शेजारी त्यांच्याच गावच्या इंदुताई.

"भेटले का बैलाचे पैसे, लटारूभाऊ?"

"भेटले. एकाचे."

"मंग तोंड काऊन असं?"

"मी म्हटलो, साहेब, वाघानं माही जोडी मोडली. साहेब म्हणे, मेला एकच, नुकसान एकाचंच."

"बरोबरच हाय ना! दुसरा तं तुमाले फायद्यातच पडला."

"तसंच लिवलं त्यानं. शिल्लक, एक बैल."

"अन् नांगर एका बैलानं चालते म्हणते का?"

"इचारलं मी. म्हणे, फॉर्मात नांगराचा रकाना नाई."

"तुमी बी भाऊ, भोळेच! दुसऱ्या बाजूनं साहेबालेच जुंपाचं होतं."

"तो बैल उभा नाई करत कोनाले बाजूले. खायाले भाताचं तनिस टाकलं तं डावीकडचं तेवढं खाते. उजवीकडचं जोडीदारासाठी ठेवून देते. रोज."

"अगं माय! हे सांगतलं का साहेबाले?"

"काऊन सांगू? तनिस बी शिल्लकीत लिवन तो."