भिंतीपलीकडची बादली

मुलगी : आणि मी बादली धरायला हात पुढे केला, तर म्हणतात कशा, "राहू दे ग बाई, तुझ्या प्रोजेक्टला कमी पडेल!" असं का बोलल्या बाबा?

बाबा : कोण, मागच्या मावशी? कुठे भेटल्या तुला?

मुलगी : कोपऱ्यावरच्या नळाच्या पायऱ्यांवर. बेचाळीस पायऱ्या आहेत, आज मोजल्या मी. दर पाच पायऱ्यांनी बादली टेकवत होत्या, गुडघा धरत होत्या. घरचं पाणी का नाही वापरत?

बाबा : त्यांच्या घरात नळ नाही. घरमालकाने भांडण उकरून काढलं आणि नळ कापला. सहा वर्षं झाली.

मुलगी : सहा वर्षं रोज चढतात?

बाबा : नाही. आठ दिवस झाले, चढतायत.

मुलगी : आठ दिवस म्हणजे... शाळेत आमचं पाणी वाचवण्याचं प्रदर्शन झालं तेव्हापासून?

बाबा : बस इथे. तू आपला मागच्या भिंतीवरचा पाइप मोजलास ना, तो कसा मोजलास ते सांग.

मुलगी : सांगितलं होतं की! तुमचं लक्षच नसतं. भिंतीपलीकडे बोळात गेले. जोडातून धार गळत होती, दोऱ्याएवढी. खाली मापाचं भांडं ठेवलं, घड्याळ लावलं. तासाला दोन लिटर, म्हणजे दिवसाला अठ्ठेचाळीस लिटर वाया. बाई म्हणाल्या, वर्गात एवढं नीट कोणीच मोजलं नाही.

बाबा : भांडं ठेवलंस तिथे आधी काही नव्हतं?

मुलगी : एक बादली होती. निळी. ती बाजूला सरकवली.

बाबा : आणि तक्त्यावर लिहिलंस बादलीचं?

मुलगी : नाही. मला वाया जाणारं पाणी मोजायचं होतं ना.

बाबा : बादलीत पडत होतं, तर वाया कुठे जात होतं?

मुलगी : अगंबाई... ती मावशींची होती? तुम्हाला माहीत होतं?

बाबा : जोड मीच ढिला ठेवला होता. अर्धा आटा, जास्त नाही.

मुलगी : म्हणून मी तीनदा दुरुस्त करा म्हटलं, तर "उद्या बघू, उद्या बघू"! अहो, मग त्यांना सरळ एक नळ काढून द्यायचा!

बाबा : विचारलं होतं. "फुकटचं घ्यायची पाळी अजून आली नाही माझ्यावर," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं तोंडावर. महिन्याभराने आपला पाइप गळायला लागला, तशी दुसऱ्या दिवशी बादली आली. गळून चाललेलं पाणी उचललं तर कोणाचे उपकार होत नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

मुलगी : मला तरी सांगायचं!

बाबा : सांगायला हवं होतं. वाटलं, पोरीच्या पोटात राहणार नाही.

मुलगी : आणि मी माइकवर वाचलं, "माझे बाबा प्लंबर आहेत, पण आमच्याच घरचा पाइप गळतो."

बाबा : सगळे हसले. मागून कोणीतरी "दिव्याखाली अंधार" म्हणालं. तुझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या आणि मी मान खाली घालून बसलो होतो. घरी आलो तो कपडेही न बदलता बोळात गेलो आणि जोड आवळला. खाली बादली अर्धी भरलेली दिसत होती मला. तू नकळत केलंस. मी कळूनसवरून केलं, चार लोक हसले म्हणून. त्याचं वाईट वाटतंय.

मुलगी : मग परत ढिला करा! आत्ताच्या आत्ता!

बाबा : केला. आज सकाळीच.

मुलगी : मग त्या पायऱ्यांवर कशाला गेल्या?

(दारावर थाप पडते.)

मावशी : आहे का रे कोणी घरात? तुझा मागचा पाइप गळतोय. सकाळपासून बोळात नुसता चिखल झालाय.

बाबा : या ना मावशी, बसा. पाइप काय, जुना झालाय. बादली लावायची होतीत.

मावशी : बसायला नाही आले. शिवलेले कपडे पोचवायला गेले होते परवा, तर शाळेच्या फाटकात हिचा तक्ता लावलेला. अक्षर छान आहे ग तुझं. अठ्ठेचाळीस लिटर वाया, असं लाल रंगात लिहिलंयस.

मुलगी : मावशी, माझं चुकलं. मी तक्ता बदलते, उद्याच बाईंना सांगते की ते वाया...

मावशी : काय सांगशील? की मावशी सहा वर्षं त्यावर स्वयंपाक करत होती?

बाबा : तिला काही ठाऊक नव्हतं, मावशी. मी आवळायला नको होता.

मावशी : मला काय कळत नव्हतं होय? प्लंबरच्या घरचा पाइप सहा वर्षं गळतो? पण झाकली मूठ होती. पाइप गळत होता, म्हणून मी घेत होते. आता तू आवळलास आणि परत सोडलास. आता बादली लावली, तर ते तुझ्याकडून घेतल्यासारखं होईल.

बाबा : मग घ्या की माझ्याकडून. काय बिघडलं?

मावशी : माझं बिघडतं. आवळ तो जोड, बाबा. हिला शाळेत पुन्हा बोल नको. मी निघते, दुसरी खेप राहिलीये.

मुलगी : मावशी, थांबा! मी येते. बादली तरी धरते तुमची.

मावशी : जाताना धर. येताना माझी मी आणेन.