अंतराचा अंदाज

डोळ्यांच्या दवाखान्यात, थेंब घालून बसलेल्या शिक्षिकाबाईंना सगळं धूसर दिसत होतं. शेजारच्या बाप-लेकीचं बोलणं मात्र स्पष्ट ऐकू येत होतं.

"बाबा, डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही, हे डॉक्टरांना सांगणार ना?"

"सांगितलं की बस चालवणं गेलं माझ्या हातातून. तू आपले तारे मोज."

"तिथेही हीच पंचाईत आहे. मिणमिणता तारा जवळचा लहान की लांबचा अवाढव्य, ते एका जागेवरून कळत नाही."

"मग काय करता?"

"सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेली, की पुन्हा बघतो. दोन जागांवरून बघितलं की अंतर निघतं."

"आणि नाही निघालं, तर कुणाचं काय अडतं?"

"अंतर चुकलं की त्याचं तेज, आकार, वय, सगळंच चुकतं. आपण काय बघतोय तेच कळत नाही."



"परवा स्टॉपवर एक बाई उभी होती. मला वाटलं, अजून लांब आहे."

"लागलं तिला?"

"नाही. पिशवी चाकाखाली गेली."

तेवढ्यात नर्सने वडिलांचं नाव पुकारलं.

"मी येऊ आत?"

"ये. माझ्याच्यानं सांगवलं नाही, तर तू सांग."