दोन नंबर, दोन टाइप

के. आर. पुरमच्या बसरांगेत पुढे उभी असलेली पुण्याची आसावरी आपल्या ऑफिसातल्या सीनियरचे, बेळगावच्या महांतेशचे, आभार मानत होती. पुणेरी तोंडातून आभार निघतायत म्हणजे बरंच काही टळलं असणार, हे रांगेत मागे उभं राहून ऐकणाऱ्या महानंदाअक्कांनी ताडलं.

“अण्णा, आज मी कोड लिहिताना पेशंटच्या नंबराच्या जागी डॉक्टरचा नंबर टाकला.”

“मग?”

“तुम्ही दोन्ही नंबरांचे टाइप, म्हणजे प्रकारच, वेगळे ठेवलेत, म्हणून अदलाबदल पकडली गेली आणि प्रोग्राम चाललाच नाही. नाहीतर रिपोर्ट भलत्यालाच गेला असता आणि माझी नोकरीही.”

“‘दोन्ही नंबरच, मग टाइप वेगळे कशाला?’ म्हणून आठवडाभर भांडलीस की!”

“भांडले खरी. पण तुम्हाला हे सुचलं कसं?”

“मागच्या कंपनीत मीच उलटं टाकलो होतो. तिथं अडवणारं कोणी नव्हतं बघ.”