मशीनं कुणाच्या घरी ठेवायची?

मुरबाडच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी बाईजा आणि तिची नात सोनाली बसल्या होत्या. आमच्या वेळी या बाकावर पोरी मान खाली घालून बसायच्या.

"आजी, गप गो जरा. सरांना आता सांगायचंय, कंपनीची कॉम्प्युटरची मोठी मशीनं सिंगापूरला ठेवायची का मुंबईला."

"मशीनं तुमची नि घर दुसऱ्याचं?"

"हो. जागा, वीज, गारवा त्यांचा."

"यात नवं काय? आपलं भाताचं बियाणं शेजारच्या देवकीच्या माळ्यावर असायचं. तिची चूल रोज पेटायची, धुरानं कीड लागत नाय. एक साल तुझ्या आजानं दिराचा मोठा माळा बघून तिथं ठेवलं. पेरणीला गेलो, तर दीर कुलूप लावून लेकीकडं!"

"मग?"

"पेरणी आठ दिस मागं. तुझ्या शिंगापूरला धावत कोण जाणार?"

"मीच, विमानानं. पण सरांना तेच आवडलंय. मुंबई म्हटलं तर म्हणतील, ही घराजवळचं बघते."

"म्हणू दे. तुमची गिऱ्हाइकं कुठं?"

"सगळी मुंबई-ठाण्यात."

"मग माझ्या तोंडाकडं काय बघतेस?"

सोनालीने फोन लावला.

"सर, माझं मत मुंबई. नाही सर, घरासाठी नाही. सिंगापूरची जागा मोठी आहे, मान्य. पण मशीन अडलं तर आपला माणूस तासाभरात पोचायला हवा... हो सर. थँक्यू सर."

"काय म्हणला?"

"म्हणाले, बरोबर आहे. जागा बघायला तूच जा."

"जा. पण कळवून नको जाऊस. दार कोण उघडतंय ते बघ."